घराची एक किल्ली तुझ्याजवळ

राजेंद्र नगर, इंदूर

चि. चिऊस,


काल संध्याकाळी तुमच्याकडे आले तेव्हा हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि घरातली तिन्ही माणसं एकमेकांची नजर चुकवत होती. तुझी आई ओट्यापाशी जिरावण मसाल्याची पुडी सोडून पुन्हा बांधत होती. बाबा बॅगेची चेन मागेपुढे करून बघत होते. तू फोनमध्ये डोकं घालून बसली होतीस. नोकरी तुझ्या मनासारखी, पगार चांगला, पुण्यात वाकडला खोलीही पाहून ठेवलेली. कुणाचं काही वाईट झालेलं नाही, तरी घरात बोलणं बंद. रात्री मला त्याचाच विचार करत झोप लागली नाही.

आपल्या गल्लीतून पुण्याला गेलेली तू पहिली नाहीस. राजेंद्र नगरात घराघरांवर मराठी पाट्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी घरांत आता दोनच म्हातारी माणसं उरली आहेत. मुलं पुण्यात, बंगळुरात, नाहीतर परदेशात. मुलगा निघाला की काय करायचं हे आपल्याला ठाऊक आहे. देवाला नमस्कार, हातावर दही, स्टेशनवर पोचवणं, ‘पोचलास की फोन कर’. मुलगी सासरी निघाली तर सगळं अगदी ठरलेलं: ओटी, पाठराखीण, मांडवपरतणी. पण स्वतःच्या नावावर खोली भाड्यानं घेणारी, कुणाची बायको म्हणून नव्हे तर आपल्या कामासाठी निघालेली मुलगी दारात उभी राहिली की काय करायचं, याची रीत आपल्या घराण्यात नाही. अशी निघालेली तू पहिलीच. रीत नसली की माणसं घाबरतात आणि घाबरली की गप्प बसतात. म्हणून म्हटलं, ती रीत आपणच घालू.

आधी थोडं मागे जाऊन सांगते. वकिलीत जन्म गेला, त्यामुळे पूर्वपीठिका सांगितल्याशिवाय मला मुद्द्यावर येता येत नाही.

आपल्याकडे मुलीनं आईबापांचं घर सोडायचं ते लग्नानंच. ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आणि विमानतळाला आहे त्या अहिल्याबाई १७२५ साली जामखेडजवळच्या चोंडीत जन्मल्या आणि लहानपणीच होळकरांची सून होऊन माळव्यात आल्या. चोंडी ज्या जिल्ह्यात आहे त्याच नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, तुझी बस जाईल. फक्त दिशा उलटी. मीही धुळ्याहून लग्न होऊनच इंदूरला आले. कायद्याचं शिक्षण सासरी राहून घेतलं, सासूबाईंनी मनापासून घेऊ दिलं. पण एकटीच्या खोलीला आपल्या हातानं कुलूप लावून कामावर जाणं मला कधी मिळालं नाही. तुझी आई तर दोन गल्ल्या ओलांडून सासरी आली. तिचं माहेर इतकं जवळ की घर सोडणं म्हणजे काय याचा तिला अनुभवच नाही. काल ती पुडी पुन्हा पुन्हा का बांधत होती ते यावरून समजून घे.

मुलांचं तसं नव्हतं. मुलगे शिकायला बाहेर पडायचे आणि त्यांच्यासाठी समाजानं काही ना काही सोय उभी केली होती. गरीब ब्राह्मणाचा मुलगा शहरात वार लावून जेवायचा, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. ज्यांना असले वार कुणी देत नव्हतं त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करवली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला जातपात न पाहता सगळ्या मुलांना एका पंक्तीत बसवणारं बोर्डिंग काढलं. आणि बायकांसाठी? पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, पुढे तो पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर गेला. या दोन्ही जागा मुख्यतः विधवांसाठी होत्या. म्हणजे माहेर आणि सासर या दोहोंच्या बाहेर बाईला छप्पर मिळालं ते आधी जिचं सगळं गेलं तिला. कमावत्या बाईसाठी वसतिगृहं बांधायची केंद्र सरकारची योजना यायला १९७२-७३ उजाडलं. रमाबाईंचं आणि कर्व्यांचं हे काम तू ज्या शहरात चालली आहेस तिथे झालं आहे. सवड काढून हिंगण्याला एकदा जाऊन ये.

कायद्याचं तर मी स्वतः पाहिलं आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारसा दिला खरा, पण कलम २३ मध्ये राहत्या घरापुरती एक गोम ठेवली होती. वारसानं आलेल्या राहत्या घराची वाटणी मुलगी मागू शकत नव्हती, भावांनी काढली तरच. आणि त्या घरात राहायचा हक्क तिला केव्हा? तर ती अविवाहित असेल, नवऱ्यानं टाकलेली असेल, वेगळी राहत असेल किंवा विधवा असेल तर. नवऱ्याबरोबर नांदत्या मुलीला तो हक्क नाही. हे कलम २००५ च्या दुरुस्तीनं गेलं. तोपर्यंत माझे केस पांढरे झाले होते. त्या कलमापायी भावाच्या दयेवर माजघरात राहिलेल्या बायका माझ्यासमोर बसून रडल्या आहेत. (तुमचं घर आईबाबांच्या नावावर आहे आणि ते आहेत तोवर त्यांचंच आहे, हे माहीत असू दे. हे मी वाटणीसाठी सांगत नाही.)

मी सांगते आहे ते दाराबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी विचारायची, ‘मारहाण इतकी वर्षं चालली होती, मग आधी का नाही निघालात?’ उत्तर बहुतेक वेळा एकच यायचं: माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ? त्यांचे आईबाप दुष्ट नव्हते. कितीतरी जणींचे वडील नंतर कोर्टात लेकीच्या शेजारी उभे राहिले. पण लग्नाच्या दिवशी, निरोपाच्या गडबडीत, ‘नको वाटलं तर परत ये’ हे वाक्य कुणी उच्चारलंच नव्हतं. न बोललेलं मुलीला ऐकू कसं येणार?

तेव्हा पहिली रीत ही. निघण्याआधी बाबांनी घराच्या कुलपाची एक किल्ली करून तुझ्या हातात द्यायची. चोइथराम मंडीच्या बाजूला जातील तेव्हा चावीवाला गाठतील, मी त्यांना आज फोन करून सांगणारच आहे. आणि किल्ली देताना तोंडानं म्हणायचं, की परत यावंसं वाटलं तर कारण सांगायची गरज नाही. तुझे बाबा बोलके नाहीत. ‘कॅट’ या संशोधन केंद्रातल्या नोकरीसाठी नाशिकहून एकटे इंदूरला आले तेव्हा त्यांनाही कुणी असं काही म्हटलं नव्हतं. त्यांना ते जड जाईल. पण त्यांनी ते म्हणावं आणि तू ते नीट कान देऊन ऐकावंस, अशी माझी दोघांनाही विनंती आहे.

दुसरं तुझ्या खोलीचं. आईनं ठरवलंय की खोली आहे तशीच ठेवायची, पलंगावरची चादरसुद्धा. मला हे पटत नाही. मी तिला म्हटलं, तिथे शिवणाचं मशीन हलव, दुपारी खिडकीपाशी बसून वाच, पाहुणे आले तर उतरव. बंद ठेवलेल्या खोलीपुढून रोज जाणाऱ्या आईचे हाल काय होतात हे मी आमच्या ओळीतल्या घरांत बघते आहे. तू आलीस की मशीन बाजूला होईल, तुझा पलंग कुठे जात नाही. हे तू तुझ्या तोंडानं तिला सांग, माझं ती ऐकणार नाही.

आता पुण्याचं. तिथे गेलीस की एजंट तुला ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणेल. बहुधा ११ महिन्यांचा करार असतो. इथल्यासारखं स्टँपपेपरवर सह्या करून मोकळं होऊ नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर अटींबद्दल वाद झाल्यास भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. कलम तुझ्या बाजूचं आहे, ते पाठ कर. हल्ली एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो आणि नोंदणी ऑनलाइन होते, म्हणजे ‘वेळ नाही’ ही सबब चालायची नाही. अनामत किती, ती केव्हा परत, घर रंगवायचा खर्च कुणाचा, मुदतीआधी सोडलं तर किती दिवसांची नोटीस, हे कागदावर हवं. राहायला जाताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठव. अनामतीचे बहुतेक तंटे भिंतीवरच्या ओलीवरून होतात.

आणि एक. काही सोसायट्यांत एकट्या मुलींना जागा देताना तोंडं वाकडी होतात. कोण येतं, किती वाजता येतं, हे वॉचमनला सांगायला लावतात. करारात नसलेली अट कुणी तोंडी घातली तर शांतपणे म्हण, ‘लिहून द्या.’ हे दोन शब्द मला उभ्या आयुष्यात फार उपयोगी पडले.

या व्यवहारी गोष्टी तू शिकशील, हुशार आहेस. मला काळजी आहे ती वेगळ्या गोष्टीची. तू वाढलीस त्या घरात कामं दिसत नाहीत. पाण्याचंच घे. १९७८ साली नर्मदेचं पाणी इंदुरात आलं तेव्हा आम्ही बायकांनी नळाची पूजा केली होती. तरी आजही ते एक दिवसाआडच येतं. तुला याचा कधी त्रास झाला? नाही, कारण बाबा पहाटे उठून मोटर लावतात, टाकी भरली की बंद करतात आणि पुन्हा आडवे होतात. वाकडलाही महापालिकेचं पाणी २०१९ पासून एक दिवसाआड आहे, शिवाय टँकर. आता तिथे पहाटे उठणारं कोण? गॅस संपत आलाय हे सिलेंडर हलवून ओळखणारं, पोळीची कणीक किडण्याआधी चाळणारं, दूधवाल्याचा हिशेब ठेवणारं, आजारी माणसाला मऊ भात करून देणारं, हे सगळं कुणीतरी सतत लक्षात ठेवत असतं. घर चालतं ते या लक्षात ठेवण्यावर. आपल्याकडे हे काम बहुतेक बाईच्या डोक्यावर असतं आणि ते काम म्हणून मोजलं जात नाही. तू खोलीत दुसऱ्या मुलीबरोबर राहणार आहेस. पहिल्या आठवड्यातच दोघींनी बसून हे वाटून घ्या, नुसती भांडी आणि केर नव्हे, लक्षात ठेवणंसुद्धा. दोघींपैकी एकीवर ते आपोआप येऊन पडलं की सहा महिन्यांत मैत्री तुटते.

कचऱ्याचं सांगायला नको. २०१७ मध्ये आपल्या शहराचा पहिला नंबर आल्यापासून ओला-सुका तुझ्या हाडात भिनलाय. तिथेही तो सोडू नकोस.

पैशाचं थोडं स्पष्ट बोलते. पहिल्या पगारातून आईला साडी आणि बाबांना घड्याळ घेशील, घे. पण तीन महिन्यांचं भाडं बाजूला पडेपर्यंत दुसरं काही मोठं घेऊ नकोस. नोकरी सोडावीशी वाटली, साहेबाचा त्रास झाला, तर त्या पैशावर तुला ‘नाही’ म्हणता येईल. घरी पैसे पाठवायचा विषय काढलास तर बाबा उठून बाहेर जातील. मुलीच्या घरचं पाणी पिऊ नये असं मानणाऱ्या पिढीनं त्यांना वाढवलंय. कायदा मात्र १९८७ सालीच पुढे गेला. महाराष्ट्रातल्याच एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लग्न झालेली मुलगीसुद्धा निराधार बापाच्या पोटगीला जबाबदार आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तर मुलगा आणि मुलगी असा भेदच नाही. आज त्यांना तुझ्या पैशाची गरज नाही, देव करो आणि कधी न पडो. पण मुलीच्या घरचं न घेण्याची ती रीत मोडायला पैसे लागत नाहीत. आईबाबा पुण्याला आले की त्यांना पाहुण्यांसारखं बसव. आईला ओट्याशी जाऊ देऊ नकोस. वरण-भात करता येत असेल तर वरण-भात वाढ. लेकीच्या घरी, लेकीच्या पैशानं, लेकीच्या हातचं जेवणं हे तुझ्या आईच्या आयुष्यात पहिल्यांदा घडेल. ती दोन घास जास्तच जेवेल.

फोनचं ठरवून घ्या. रोज रात्री नऊला फोन, असं आई म्हणते आहे. पहिला महिना कर. नंतर एखाद दिवशी ऑफिसात उशीर होईल, फोन राहील आणि इकडे रक्तदाब वाढेल. त्यापेक्षा दिवसातून एक निरोप आणि रविवारी निवांत बोलणं असं ठरव. त्या रविवारच्या बोलण्यात ‘जेवलीस का’च्या पुढे जा. तुझ्या कामात काय चाललंय ते आईला समजेल अशा शब्दांत सांग. तिला ते हवं असतं, फक्त विचारायला संकोचते. आणि तिच्याबद्दल विचार. तिच्या गुडघ्याबद्दल नव्हे, तिच्या दिवसाबद्दल.

तिकडे तुझं मराठी ऐकून कुणीतरी म्हणेल, ‘हिंदीवाली दिसते.’ वाईट वाटून घेऊ नकोस आणि घाईनं पुणेरी व्हायला जाऊ नकोस. आपली माणसं तीनशे वर्षांपूर्वीपासून नर्मदा ओलांडून इकडे आली, माळव्याच्या मातीत राहिली, बोलण्यात इथली चव मिसळली. मराठी साहित्य संमेलन याच शहरात एकदा नव्हे, अनेकदा भरलं आहे. २००१ साली विजया राजाध्यक्ष अध्यक्षा होत्या तेव्हाचं मी मांडवात बसून ऐकलं. तुझं मराठी उपरं नाही. पोह्यांवर शेव आणि जिरावण घालून मैत्रिणींना खाऊ घाल, ओळखी होतील.

पहिला ताप येईल तेव्हा मात्र फार एकटं वाटेल, हे आताच सांगून ठेवते. कुणालाही वाटतं. तेव्हा लगेच घरी पळत येऊ नकोस आणि लपवूही नकोस. शेजारच्या एका घराशी आधीच ओळख करून ठेव. जवळचा डॉक्टर बरी असतानाच पाहून ठेव. आणि खरंच झेपत नसेल, तर पगार, लोक काय म्हणतील, बाबांनी सगळ्यांना पेढे वाटलेत, हे काही मनात आणू नकोस. बस रात्री निघते, सकाळी इथे पोचते. रेल्वेनं यायचं तर वसई, सुरत, बडोदा, रतलाम असा सगळा वळसा घालावा लागतो. मनमाड–इंदूर मार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, ३०९ किलोमीटरचा आहे, तो होईल तेव्हा तू कदाचित टीम लीडर असशील. तोवर बसच बरी. बिजासनच्या घाटात झोप लागत नाही एवढंच.

आईबाबांची काळजी तू करशीलच, पण अपराधी वाटून नको. ती दोघं अजून साठीतसुद्धा नाहीत. बाबांना सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत ढकलायचं काम माझ्याकडे. आईनं कथकची शाळा लग्नानंतर सोडली होती, हे तुला माहीत आहे का? तिला विचार. तू गेल्यावर तिच्याजवळ दुपारी वेळ असणार आहे, आणि मी तिच्या मागे लागणार आहे.

घरमालकानं कराराचा मसुदा पाठवला की सही करायच्या आधी मला व्हॉट्सॲपवर टाक. सगळी पानं पाठव, पहिलं आणि शेवटचं एवढंच नको. दुपारी दोन ते चार मी झोपते, ती वेळ सोडून केव्हाही फोन कर. अनामतीची रक्कम अंकांत आणि अक्षरांत दोन्ही लिहिली आहे का, तेवढं आधी बघ.

तुझी,
मावशीआजी